गावात मिटवलेली चोरी

आमच्या शाळेत एक सर आहेत. मधल्या सुट्टीत डबा उघडला की त्यांचं ठरलेलं पुराण सुरू होतं. पूर्वी गावात कुठे होते पोलीस, कुठे होतं कोर्ट, तरी माणसं कशी गुण्यागोविंदानं राहायची. सरकार नावाची भानगडच नसती तर सगळे आपले आपण नीट वागले असते. सरांचा जन्म शहरातला, खेडं त्यांनी बघितलंय ते लग्नाच्या पंगतीला बसून. दोनदा मी ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "सर, मी तसल्याच गावात वाढलेय. तुम्ही भाकरी खावा." सर भाकरी खायला लागले. माझी भाकरी मात्र तशीच डब्यात राहिली.

हातकणंगले तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला आमचं गाव. नव्वद सालानंतरच्या चार-दोन वर्षांतलं सांगतेय. पोलीस ठाणं तसं जवळ होतं, पण गावाच्या लेखी ते परदेशात. बांध कोरला, जनावरानं दुसऱ्याचा ऊस खाल्ला, पाळी नसताना कुणी पाणी घेतलं, सगळं बिरदेवाच्या देवळापुढच्या कट्ट्यावर यायचं. तिथं निकाल हा शब्द नव्हता. शब्द होता "मिटलं". "काय, मिटलं का?" "मिटलं की." खरं कुणाचं होतं हे कुणी विचारत नसे. विचारणारा आगाऊ ठरायचा.

आणि ही रीत चालायची, हे मी नाकारत नाही. एका दारुड्यानं बायकोचा हात मोडला होता, तर गावानं त्याला महिनाभर तिच्या माहेरी गडी म्हणून राबायला धाडलं. तो मुकाट्यानं गेला. न जाऊन करतो काय? गिरणीवाला दळून देणार नाही, डेअरी दूध घेणार नाही, ऊस तोडायला माणूस मिळणार नाही. तुरुंग लागतच नव्हता. माणसाला एकटं जगता येत नाही, एवढ्या एका गोष्टीवर सगळा कायदा उभा होता.

ज्या भांडणाला साक्षीदार नसेल तिथं भंडारा. देवापुढची हळद मुठीत उचलायची आणि म्हणायचं, मी हे केलं असंल तर देव माझं वाटोळं करू दे. खोटा भंडारा उचलणाऱ्याच्या घरात वर्षाच्या आत वाईट घडतं, अशी सगळ्यांची खात्री. म्हणजे पोलीसही बिरदेव, न्यायाधीशही बिरदेव आणि फाशी देणाराही तोच. उचलणाऱ्याचा हात कसा राहतो, नजर कुठं जाते, हे बघायला अख्खं गाव जमायचं. मीही लहानपणापासून बघत आले होते.

आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, बौद्धांची. छपन्न सालच्या दीक्षेनंतर आजोबांनी घरातले देव टोपलीत घातले आणि नदीत सोडून आले. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. रोज सकाळी पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याच्या शीलाशी आले की त्यांचा आवाज आपोआप चढायचा. मला त्याचं हसू यायचं. आई डोळे वटारायची.

आबा गावच्या पाणीपुरवठा संस्थेत कामाला होते. नदीवरची मोटर चालू-बंद करायची आणि पाळीप्रमाणं ज्याच्या त्याच्या रानात पाणी सोडायचं. गावात दोन मोठ्या भावक्या होत्या, आणि पाणी म्हटलं की एकीचा दुसरीवर काडीचा विश्वास नाही. म्हणून मोटरघराची किल्ली तिसऱ्याकडं, आबांकडं. संस्थेच्या चेअरमनची पाळी संपली की चेअरमनचंही पाणी बंद. "आरं अर्धा तास सोड की," म्हणून ते चिडायचे, पण मनातून त्यांना बरं वाटायचं, कारण दुसऱ्या भावकीलाही हेच ऐकावं लागायचं. किल्ली आबा करदोट्याला बांधून हिंडायचे. गाव म्हणायचं, माणूस इमानी हाय. आबा ते घरी येऊन आम्हाला सांगायचे, एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायचे. त्यांच्याकडं मिरवायला तेवढंच होतं.

मी बारावीला होते तेव्हा एका सकाळी मोटरघरातली तांब्याची केबल कापून नेलेली दिसली. कुलूप मात्र जागच्या जागी, शाबूत. किल्ल्या दोन. एक आबांची, दुसरी चेअरमनच्या पुतण्याकडं असायची. आदल्या दिवशी दुरुस्तीला आलेला वायरमन धरून संशय तिघांवर. ऊस वाळायला लागला तसं गाव पेटलं, पण तालुक्याला जाऊन तक्रार द्यावी असं कुणाच्या मनातही आलं नाही. दुपारी दवंडी झाली आणि संध्याकाळी कट्टा भरला.

मी बायकांबरोबर भिंतीशी उभी होते. पुतण्या गाभाऱ्यात गेला, भंडारा उचलला, बाहेर आला. वायरमननं उचलला. मग सगळ्यांनी आबांकडं बघितलं.

"मी उचलत न्हाई, आण्णा," आबा चेअरमनना म्हणाले.

"का रं?"

"आमी देव सोडल्यात. तशी प्रतिज्ञा हाय आमची. मी केबल नेली न्हाई, एवढं सांगतो. आन खोटं बोलायचं न्हाई ही बी प्रतिज्ञाच हाय."

"आरं पर त्याला साक्ष कोण?"

"मीच की."

कट्ट्यावर हशा पिकला. चेअरमन हसले नाहीत. वाईट माणूस नव्हता तो, आणि हेच मला अजून टोचतं. वाईट असता तर त्याला शिव्या देऊन मोकळी झाले असते. ते म्हणाले, "येत्या रविवारपातूर इचार कर. तुला एकट्याला सोडला तर उद्या हरएक जण म्हणंल, मीच माझी साक्ष. मग गाव चालंल कसं? तवर किल्ली हितं ठेव." आबांनी सगळ्यांसमोर सदरा वर केला. करदोट्याची गाठ लवकर सुटेना. कुणी पुढं झालं नाही, कुणी नजरही वळवली नाही.

आम्हाला वाळीत टाकलं असं कुणी म्हणालं नाही. म्हणायची गरजच नसते. दुसऱ्या दिवशी आई दूध घेऊन डेअरीत गेली तर मापाड्या म्हणाला, "वहिनी, फॅट लागंना तुमच्या दुधाला." त्याच म्हशीचं, त्याच वैरणीवरचं दूध. गिरणीचा पट्टा नेमका आमच्या दळणाला तुटला. मी कॉलेजला वडापच्या जीपनं जायची. जीप माझ्यापुढं हळू व्हायची आणि आत जागा असून निघून जायची. ड्रायव्हर माझ्याच वर्गातल्या मैत्रिणीचा भाऊ होता. मी चालत जायला लागले, आणि चालताना सगळ्या रस्ताभर मला राग यायचा तो गावाचा नाही, आबांचा.

चौथ्या दिवशी आबा म्हणाले, "चल, ठाण्यात जाऊ. तू लिवाय-वाचायला असू दे संगं." मला वाटलं, आता हे कुणाचं तरी नाव घेणार. ठाण्यात टेबलामागं एक पोक्त हवालदार बसले होते.

"बोला पावणं."

"चोरीचं हाय, साहेब. संस्थेची केबल गेल्या."

"तुमी संस्थेचं कोण?"

"कामाला हाय. माझ्यावर आळ हाय."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "म्हंजे तुमी तुमच्यावरच तक्रार द्याला आलाय?"

"व्हय साहेब. घराची झडती घ्या, मला आत घाला, काय इचारायचं ते इचारा. शेवटाला कागदावर लिवून द्या, नेली का न्हाई."

बाजूचा शिपाई फिसकन हसला. हवालदारांनी त्याला गप्प केलं आणि आमच्यासाठी चहा सांगितला. चांगले होते तेही. म्हणाले, "हे बघा. संस्था म्हणती का चोरी झाली? म्हणत न्हाई. मंग आमच्या दप्तरी चोरीच झाल्याली न्हाई. आन न झालेल्या चोरीतनं तुमास्नी निर्दोष सोडू कसा मी?"

आबांनी चहाचा घोट घेतला.

"गावात मिटवा की," हवालदार म्हणाले. "उचला भंडारा आन व्हा मोकळं. आमच्या गावाकडं आमी बी तसंच करतो."

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली, ती सरांना कधी कळायची नाही. गावाकडं शिक्षा होती, भरपूर होती, कोर्टाहून लवकर मिळायची. नव्हती ती निर्दोष सुटका. ती द्यायचा अधिकारच कुणाकडं नव्हता. आणि जिथं तो होता तिथं दप्तरात आम्ही नव्हतो. परत येताना आबा एवढंच म्हणाले, "च्या बरा हुता." मला रडू फुटायच्या बेतात होतं, ते मी रागावर नेलं.

घरी येऊन मी तोंड सोडलं. आई चुलीपुढं नासलेल्या दुधाचं पातेलं घेऊन बसली होती. वस्तीतली दोन जाणती माणसंही आली होती. एक म्हणत होता उचलू नको, दुसरा म्हणत होता, अख्ख्या वस्तीला त्यांच्याच रानात कामाला जायचं हाय. मी म्हणाले, "आबा, हळद हाय ती. आपण देव मानतच न्हाई तर मग त्यात हळदीशिवाय काय उरलं? मानणाऱ्यानं भ्यावं. तुमी कशापायी भिताय?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता कानाखाली बसणार.

"हळदीला भीत न्हाई," ते म्हणाले. "उचलली की मी त्यास्नी सांगितल्यागत हुतंय, की माझा शब्द पुरत न्हाई."

"न्हाईच पुरत," मी म्हणाले. "पुरला असता तर दूध नासलं असतं का?"

हे मी बोलले. सतरा वर्षांची होते, परीक्षा तोंडावर होती, पायाला फोड आले होते, हे सगळं खरं आहे. तरी बोलले ते बोललेच. आबा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाले, "बरं. तू शिकलेली हाईस."

रविवारी कट्ट्यावर मुंगीला जागा नव्हती. आबा धुवट सदरा घालून गेले. देवळाच्या पायरीशी पोचले तसा पुजारी लगबगीनं बाहेर आला. "आत याचं कारण न्हाई," म्हणाला, आणि पत्रावळीच्या पानावर भंडारा आणून पायरीवर ठेवला. पुतण्यानं आत जाऊन उचलला होता, वायरमननंही. आबांना देव हवा असं गाव म्हणत होतं, पण देवाजवळ गावाला आबा नको होते. तरी आबा वाकले. हळद मुठीत घेतली. म्हणायचे ते शब्द म्हणाले, अडखळत म्हणाले, आणि त्यांचा हात एवढा थरथरला की निम्मी हळद धोतरावर सांडली.

आता जे सांगते ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तो हात बघितला आणि माझ्या मनात पहिला विचार आला: म्हणजे ह्यांनीच नेली. मीच त्यांना तिथं उभं केलं होतं. माणूस कशानं थरथरतोय हे जगात एकट्या मला माहीत होतं. तरी मी गावासारखंच त्या हाताकडं बघितलं आणि गावासारखाच निवाडा केला. लहानपणापासून जे बघत आले होते ते डोळ्यांत इतकं मुरलं होतं. आबांनी मूठ उघडली, मान वर केली आणि गर्दीत मला शोधलं. मी खाली बघितलं.

मग दुसऱ्या भावकीतला एक म्हातारा बोलला. "चेअरमन, ह्याच्या भंडाऱ्याचा उपेग काय? ह्यानं देव सोडलाय. देव ह्याला कशाला शिक्षा देतोय?" माना डोलल्या. मुद्दा बिनतोड होता. भंडाऱ्याचा सगळा कायदाच देवाच्या भीतीवर उभा होता. चार दिवस उचल उचल म्हणून मानगुटीवर बसलेले लोक आता म्हणायला लागले, खरं की, ह्याचा भंडारा धरायचा कसा? चेअरमननी हात वर केला. "ऱ्हाऊ दे. उचलायचा त्यानं उचलला. मिटलं. आता ह्यावर कुणी बोलायचं न्हाई."

आणि मिटलंच. सोमवारी डेअरीत फॅट लागली. गिरणीचा पट्टा जोडला गेला. जीप माझ्यापुढं थांबली आणि मैत्रिणीच्या भावानं मला पुढच्या सीटवर जागा करून दिली. किल्ली तेवढी परत आली नाही. ती परत द्यावी का यावर बोलणं झालंच नाही, कारण ह्यावर कुणी बोलायचं नाही असं ठरलं होतं. आबांना दोष लागला नव्हता आणि ते सुटलेही नव्हते. त्या उन्हाळ्यात आमची म्हैस मेली, तेव्हा मात्र लोक एकमेकांकडं बघून म्हणाले, बघा, वर्षाच्या आत. देव ह्याला कशाला शिक्षा देतोय म्हणणारा म्हाताराही त्यात होता. केबल कुणी नेली हे मला आजही माहीत नाही. पुतण्याच्या आणि वायरमनच्या घरी सगळं छान चाललंय.

आबांनी पहाटेचं पंचशील बंद केलं. विहारात बसायचे ते दाराजवळ, आणि मग तेही सोडलं. वस्तीतलं कुणी त्यांना काही बोललं नव्हतं. मी त्यांना एकदा विचारलं तर म्हणाले, "ते शील म्हणाय लागलो की आवाज निघत न्हाई." बारावी झाल्यावर आम्ही इचलकरंजीला आलो. आबा एका कारखान्यात मागावर लागले, पाळीपाळीनं, बिहारहून आलेल्या पोरांच्या शेजारी उभे राहून. त्या खडखडाटात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही. आबांना ते बरं वाटायचं. मी डी.एड. केलं, शिक्षिका झाले, आई गेली, दोन हजार सालही मागं पडलं.

पुढं आमच्या गावाला तंटे नसलेलं गाव म्हणून सरकारी बक्षीस मिळालं. वेशीवर फलक लागला. गावचा एक पोरगा पेढे घेऊन घरी आला होता, भला पोरगा. आबांनी पेढा खाल्ला. म्हणाले, "बरोबर हाय. लिवल्यालं काय सापडणारच न्हाई सरकारला." तोवर कापसाच्या धुळीनं त्यांची छाती भरली होती आणि ते अंथरुणाला लागले होते.

एका शनिवारी अर्धी शाळा करून आले. दुपारची वेळ, बाहेर मागांचा आवाज, आबा खाटेवर भिंतीला टेकून बसलेले. मी मोसंबी सोलत होते. त्यांनी विचारलं, "माझ्या माघारी कुणी इचारलं तर सांगशील न्हवं?"

"काय सांगू, आबा?"

"केबल मी नेली न्हाई म्हणून."

"सांगीन की."

"मी बाप हाय म्हणून सांगशील, का तुला पटतंय म्हणून?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला हे पहिल्यांदाच विचारलं होतं. कोर्ट नाही, ठाणं नाही, कट्टा नाही. त्यांना सोडवायला त्या खोलीत मी एकटी होते आणि एक शब्द पुरणार होता. मी "पटतंय म्हणून" असंच म्हणाले, स्पष्ट म्हणाले. पण म्हणायला मला थोडा वेळ लागला. तेवढ्यात आबा भिंतीकडं तोंड करून आडवे झाले होते. "बरं," ते म्हणाले, "मिटलं."